मोरियाच्या डोंगरावरून अब्राहाम परतला. इसहाक कुठे गेला?

कोरा_कागद

गेल्या महिन्यात रद्दीवाल्याकडे मराठी बायबलची एक जुनी प्रत मिळाली. आईची नजर अधू झाली आहे, म्हणून रात्री जेवणं झाली की मी तिला एक-दोन अध्याय वाचून दाखवते. परवा उत्पत्तीच्या २२व्या अध्यायाशी आलो.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. देव अब्राहामाला म्हणतो, तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, तुझा लाडका इसहाक, त्याला मोरिया देशात नेऊन होमबली म्हणून अर्पण कर. अब्राहाम पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, दोन गडी आणि मुलगा घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. गड्यांना तिथेच थांबवून बापलेक वर जातात. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. मुलगा विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव बघून देईल. पुढे वेदी, बांधलेला मुलगा, उचललेला सुरा, देवदूताची हाक आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका.

मी वाचून पुस्तक मिटायला लागले, तर आई म्हणाली, "थांब. आणि पोरगा?" मी परत पाहिलं. १९व्या ओवीत लिहिलंय की अब्राहाम आपल्या गड्यांकडे परत आला आणि ते बैर-शेब्याला गेले. इसहाकाचं नाव नाही! चढताना "ते दोघे बरोबर चालले" असं दोनदा येतं. उतरताना एकटा बाप.

हे लिहिणाऱ्याकडून राहिलं, की मुद्दाम? ज्यू आणि ख्रिस्ती वाचक दोन हजार वर्षं ही गोष्ट वाचताहेत. त्यांनी या जागेचं काय केलं?

---

लाल_पेण

चिलया बाळ आठवला. चांगुणेनं मुलाचं डोकं उखळात कांडताना म्हटलेली ओवी माझी आजी श्रावणात म्हणायची, आणि म्हणताना स्वतःच रडायची. पण तिथे शेवटी मुलगा हाकेसरशी धावत येतो. इथे हाकच नाही.

---

वसईचा_वारा

फार चांगला प्रश्न. मी वसईचा कॅथलिक. हा अध्याय आम्ही दर वर्षी ऐकतो, पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री. देऊळ अंधारात, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, आणि जुन्या करारातली वाचनं एकामागून एक. पहिलं सृष्टीच्या निर्मितीचं, दुसरं हे. लहानपणी माझे डोळे मिटायला लागायचे ते नेमके या वाचनाला, आणि सुरा उचलला की खाडकन उघडायचे.

आम्हाला शिकवलं ते असं. इसहाक ही येशूची आगाऊ पडलेली सावली. मुलगा स्वतःच्या पाठीवर लाकडं घेऊन डोंगर चढतो, येशू स्वतःचा क्रूस घेऊन. दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या सार्दीस गावचा बिशप मेलितो हेच सांगतो. तिसऱ्या शतकात ओरिजेननं याच अध्यायावर प्रवचन केलं. तो म्हणतो की होमाची लाकडं वाहणं हे याजकाचं काम, म्हणजे इसहाक बळीही आहे आणि याजकही. आणि ऑगस्टिननं एडक्याकडे बोट दाखवलं: काटेरी झुडपात डोकं अडकलेला तो एडका म्हणजे काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त.

कोरा_कागद, तुमच्या आईंचा प्रश्न मला कधी पडलाच नाही, याचं कारण आत्ता कळतंय. नव्या करारात इब्री लोकांस जे पत्र आहे, त्यात म्हटलंय की देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असा अब्राहामाचा विश्वास होता, आणि एका अर्थी मुलगा त्याला मरणातूनच परत मिळाला. आमच्यासाठी तो परत आलेलाच होता.

---

तर्ककर्कश

मूळ गोष्टीत येशू नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. नंतरच्या लोकांनी आपापलं सामान त्या गाढवावर लादलं. मला यात दिसतं ते एवढंच: आजूबाजूला पोरांचे बळी दिले जात होते आणि कुणीतरी सांगितलं, थांबा, एडका चालेल. यिर्मयाच्या ७व्या अध्यायात देव स्पष्ट म्हणतो की मुलं जाळायला मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

---

नव्याचा_सण

नमस्कार. मी अश्दोदहून लिहितेय. माहेर अलिबाग तालुक्यातलं, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या आज्या रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, "नव्याचा सण" म्हणायच्या, तेच नाव इथे घेतलंय.

आधी एक शब्द. आम्ही या गोष्टीला इसहाकाचं बलिदान म्हणत नाही. "अकेदा" म्हणतो, म्हणजे बांधणं. बळी झालाच नाही, बांधणं झालं.

नव्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तोरातला (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला) हाच अध्याय वाचतात, आणि शोफार फुंकतात तो एडक्याच्या शिंगाचा. तालमूद या आमच्या जुन्या गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात देवाच्या तोंडी आहे की माझ्यासमोर एडक्याचं शिंग फुंका, म्हणजे मला अब्राहामाच्या मुलाचं बांधणं आठवेल.

तर्ककर्कश, तुम्ही दिलेला यिर्मया आमच्या जुन्या गुरूंनीही पाहिला होता. यिर्मयाच्याच १९व्या अध्यायात ते वाक्य थोडं लांबवून परत येतं, आणि तालमूद त्याचे तीन तुकडे करतं. सांगितलं नव्हतं, ते मवाबाच्या राजानं बळी दिलेल्या मुलाबद्दल. बोललो नव्हतो, ते इफ्ताहानं नवसापायी बळी दिलेल्या मुलीबद्दल. आणि मनातही आलं नव्हतं, ते इसहाकाबद्दल. म्हणजे मूल कापावं हे देवाच्या मनात कधीच नव्हतं. अकराव्या शतकात रशी या भाष्यकारानं जुन्या मिद्राशातून, म्हणजे गुरूंनी बायबलच्या गोष्टींवर रचलेल्या कथा-टीकांतून, हेच उचललं: देव "त्याला वर घेऊन ये" म्हणाला, "काप" म्हणाला नाही. वर आणलास ना, आता खाली घेऊन जा.

आता मला आवडणारा भाग. गुरूंना वाटलं की देव एवढे लांबण का लावतो, तुझा मुलगा, तुझा एकुलता, तुझा लाडका? मध्ये अब्राहाम बोलत असणार! म्हणून त्यांनी गाळलेला अर्धा संवाद भरला.
— तुझा मुलगा घे.
— मला दोन मुलं आहेत.
— तुझा एकुलता.
— हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा.
— तुझा लाडका.
— दोघंही लाडके आहेत.
— इसहाक.

---

कोर्टकचेरी

तीस वर्षं वकिली केली, पण अशी उलटतपासणी पाहिली नाही. बाप प्रत्येक उत्तराला एकेक श्वास वाचवतोय. मुद्दाम वेळकाढूपणा करणारे पक्षकार मला नेहमी चिडवतात, या एकाचा मात्र वकील व्हायला आवडलं असतं.

---

लाल_पेण

दुसरा मुलगा म्हणजे हागार या दासीपासून झालेला इश्माएल ना? मग बकरी ईदची गोष्ट हीच?

---

नव्याचा_सण

हो, कुळ एकच. कुराणात त्या मुलाचं नाव दिलेलं नाही. पुढच्या मुस्लिम परंपरेत बहुतेक जण तो इश्माएल मानतात. तिथे बाप मुलाला स्वप्न सांगतो, आणि मुलगा म्हणतो, तुम्हाला सांगितलंय ते करा. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

मुलाची ही संमती आमच्याकडेही आहे. उत्पत्तीत तो एकच प्रश्न विचारतो आणि गप्प होतो. पण पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो की इसहाक २५ वर्षांचा होता आणि आनंदानं वेदीकडे धावला. मिद्राशात तो ३७ वर्षांचा आहे. हिशेब असा: तो झाला तेव्हा त्याची आई सारा ९० वर्षांची, ती गेली १२७व्या वर्षी, आणि तिचा मृत्यू या गोष्टीला लागूनच पुढच्या अध्यायात येतो. तो बापाला म्हणतो, मी तरणाताठा, सुरा पाहून अंग थरथरेल आणि बळी अशुद्ध होईल, घट्ट बांध.

---

तर्ककर्कश

३७ वर्षांचा माणूस म्हाताऱ्याला "बाबा, कोकरू कुठे आहे" असं विचारतो? पटत नाही.

---

नव्याचा_सण

इब्न एज्रा या भाष्यकारालाही पटलं नव्हतं. बाराव्या शतकात त्यानं जवळपास तुमचंच म्हणणं मांडलं: एवढा मोठा असता तर बापापेक्षा मुलाचं पुण्य जास्त झालं असतं, आणि तोरा त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. त्यानं वय १३ च्या आसपास धरलं. रशीचा नातू रशबाम तर आणखी पुढे गेला. त्याच्या मते अब्राहामानं पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख याच्याशी करार केला, त्याची ही शिक्षा. आजोबा एक म्हणतात, नातू दुसरंच, आणि दोघांची मतं एकाच पानावर छापतात. आमच्या घरी जेवताना असंच चालतं.

---

चित्रवही

चित्रांकडे बघा, तिथे वय लगेच कळतं.

इस्राएलमधल्या बेथ अल्फा इथे १९२८ च्या अखेरीस हेफझिबा किबुत्झचे (सामूहिक शेतवस्तीचे) लोक पाण्याचा पाट खणत होते, तेव्हा सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची फरशी सापडली. तीवर हा सगळा अध्याय रंगीत खड्यांत आहे. गाढव, दोन गडी, झाडाला जवळजवळ उभा टांगलेला एडका, वरून आलेला देवाचा हात, ज्वाळांची वेदी. इसहाक अगदी लहान, बापाच्या हातात लोंबकळणारा, बाहुलीएवढा. ३७ वर्षांचं शास्त्र ठाऊक असलेल्या लोकांनी प्रार्थनेच्या जागी पायाखाली मूलच काढलं.

त्याहून जुनं सीरियातल्या दुरा-युरोपोसचं, इसवी सन २४४-२४५ चं. तोराच्या कोनाड्याच्या वरच. अब्राहाम पाठमोरा, वेदीवर मुलगा, आणि वर कोपऱ्यात एक तंबू, त्याच्या दारात छोटी आकृती. ती कोण यावर अभ्यासक अजून भांडतात. कुणी गडी म्हणतं, कुणी इसहाकच, कुणी सारा.

आणि ख्रिस्ती युरोपातले दोन. कॅराव्हाज्योच्या १६०३ च्या सुमाराच्या चित्रात मुलगा किंचाळतोय, बापानं त्याची मान दाबून धरलीय. तिथे संमती शोधूनही सापडत नाही. रेम्ब्राँच्या १६३५ च्या चित्रात देवदूतानं मनगट धरलंय, सुरा हवेत सुटलाय, आणि बापाच्या दुसऱ्या हाताच्या पंजानं मुलाचा अख्खा चेहरा झाकलाय. त्या पंजाकडे मी तासभर बघितलंय. मुलाला दिसू नये म्हणून, की बापाला दिसू नये म्हणून?

---

वसईचा_वारा

चित्रवही, तो पंजा आता माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही.

तर्ककर्कश, "आपापलं सामान लादलं" यावर सांगतो. सामान दोन्ही घरांतलं एकमेकांत मिसळलंय. पाचव्या शतकाच्या सुमाराला संकलित झालेल्या उत्पत्तीवरच्या मिद्राशात, इसहाकानं लाकडं उचलली त्या जागी एक वाक्य आहे: जसा कुणी आपला क्रूस खांद्यावर घेऊन जातो तसा. हे ज्यू ग्रंथात! आमच्या सेमिनरीत शिकलेल्या एका फादरांनी दाखवलं तेव्हा मी थक्क झालो.

---

नव्याचा_सण

वाक्य खरं आहे. पण काका, रोमन लोकांनी क्रूसावर आमची हजारो माणसं मारली. त्या काळच्या ज्यू माणसाला खांद्यावर क्रूस घेतलेला माणूस रस्त्यावर दिसलेला होता. त्यासाठी कुणाकडून उसनं घ्यायची गरज नव्हती.

---

वसईचा_वारा

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. मान्य. आमच्या वाचनात ज्यू माणूस नुसता सावली होऊन राहतो, खरा प्रकाश पुढे येणार म्हणून. हे शतकानुशतकं देवळांत सांगितलं गेलं आणि त्याची किंमत तुमच्या लोकांनी मोजली, हे मला बोचतं.

---

नव्याचा_सण

काका, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभारी. त्या किमतीबद्दलच सांगते, कारण ते थेट आईंच्या प्रश्नापाशी येतं.

१०९६ साली पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. बाप्तिस्मा घ्या नाहीतर मरा. माइन्झमध्ये आईबापांनी स्वतःच्या हातांनी आपली मुलं मारली आणि मग स्वतःला. पुढे ज्यू बखरकारानं विचारलं की एका दिवसात इतक्या अकेदा कधी झाल्या होत्या का? एका अकेदेसाठी स्वर्गातून दूत धावला, इथे कुणी आलं नाही.

त्यानंतर बाराव्या शतकात बॉनच्या एफ्राइम नावाच्या गुरूनं एक प्रार्थनाकाव्य रचलं. त्यात अब्राहाम इसहाकाला खरंच कापतो. मग पुनरुत्थानाचं दव त्याच्यावर पडतं, तो जिवंत होतो, आणि बाप त्याला दुसऱ्यांदा कापायला धरतो. ज्यांच्या घरांत सुरा थांबला नव्हता, त्यांना थांबलेल्या सुऱ्याची गोष्ट कशी पुरणार? अशा वाचकांना १९व्या ओवीचा एकच अर्थ दिसणार: इसहाक उतरला नाही, कारण तो राहिला नव्हता.

माझा मुलगा सैन्यात होता तेव्हा मी नव्याच्या सणाला हा अध्याय ऐकू शकत नव्हते. वाचन सुरू झालं की अंगणात जाऊन उभी राहायची. हिब्रू कवी हाईम गुरीची एक कविता इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या शेवटी इसहाक पुष्कळ जगतो, पण त्याची संतती काळजात सुरा घेऊनच जन्माला येते. शोफार ऐकायला मात्र मी परत आत जायची. मिद्राशात म्हटलंय की शोफाराचे तुटक सूर म्हणजे सारेचे हुंदके. डोंगरावर काय होऊ घातलं होतं हे तिला कळलं आणि ती हंबरडा फोडून गेली.

---

कोर्टकचेरी

ताई, तुमचा मुलगा बरा आहे ना?

---

नव्याचा_सण

हो, बरा आहे. आता त्यालाही मुलगी आहे.

---

तर्ककर्कश

ताईंचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

माझ्या बाजूचे दोन वाचक सांगतो, दोघेही ख्रिस्ती घरांत वाढलेले. तत्त्वज्ञ कांटनं १७९८ मध्ये लिहिलं की अब्राहामानं त्या आवाजाला उत्तर द्यायला हवं होतं: मुलाला मारू नये हे मला पक्कं ठाऊक आहे, तू देव आहेस हे पक्कं ठाऊक नाही. आणि १८४३ मध्ये डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगारनं उलटं केलं. मला अब्राहाम समजत नाही, पण त्याच्यापासून नजर हटत नाही, असं म्हणत तो त्या तीन दिवसांच्या वाटेवर पुन्हा पुन्हा जातो. मी कांटचा माणूस. पण ज्यानं ती वाट चालून पाहिली तो किर्केगार, हे मान्य करतो.

पहिल्या महायुद्धात इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेननं एका कवितेत तर शेवटच बदलला. देवदूत एडका दाखवतो, आणि म्हातारा ऐकत नाही. पोराला मारतो, आणि युरोपातली निम्मी पोरं. ओवेन स्वतः २५ वर्षांचा असताना, युद्ध संपायला आठवडा उरला होता तेव्हा, मारला गेला. जोसेफसच्या इसहाकाचं वय.

---

शब्दवेडा

सगळा धागा एका बैठकीत वाचला. थोडं विषयांतर, पण उपयोगी पडेल.

ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची गोष्ट आहे. हरिश्चंद्रानं वरुणाला मुलगा बळी द्यायचं कबूल केलेलं, पण मुलगा रोहित रानात पळाला. त्याच्या जागी अजीगर्त नावाच्या गरीब ब्राह्मणानं आपला मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंना विकला. बांधायला कुणी तयार होईना, तर आणखी शंभर गाई घेऊन बापानंच बांधला. मारायला कुणी तयार होईना, आणखी शंभर घेऊन तोच सुरा परजत आला. मुलानं देवांची स्तुती केली, पाश गळून पडले. मग बाप म्हणतो, चल घरी. आणि शुनःशेप जात नाही. तो विश्वामित्राचा मुलगा होतो.

अजीगर्त लोभी, अब्राहाम नाही. दोघांना एका तागडीत घालायचं नाही. पण बांधला गेलेला मुलगा बापाबरोबर घरी जात नाही, हे तिथे उघड लिहिलंय. इथे नुसतं नाव गाळलंय.

---

कोरा_कागद

शब्दवेडा, अंगावर काटा आला. आईला हे सांगितलं, ती म्हणाली, "शहाणं पोर."

पण ताई, काका, प्रश्न अजून तिथेच आहे. तुमच्या परंपरांनी तो गेला कुठे असं ठरवलं?

---

वसईचा_वारा

काल शोधलं. केरळचे सुरियानी ख्रिस्ती ज्या भाषेत पूजा करत आले, त्या सुरियाकमध्ये या अध्यायावर जुनी काव्यप्रवचनं आहेत, लिहिणाऱ्याचं नाव नसलेली. त्यांत सारेला बोलायला मिळतं. आणि परतताना अब्राहाम इसहाकाला म्हणतो, तू जरा मागे थांब. तो एकटा घरात शिरतो. सारा त्याला एकट्याला बघते, मुलगा गेला असं समजून विलाप करते. आणि मग इसहाक दारातून आत येतो. बापाचं एकट्यानं परतणं त्यांनाही दिसलं होतं, आणि त्यांनी ते सारेच्या दारापर्यंत नेलं.

---

नव्याचा_सण

काका, हे मला नवीन. फार सुंदर.

आमच्याकडे उत्तरं बरीच. इब्न एज्रा म्हणतो, मुलगा बापाच्या छत्राखाली, वेगळं नाव कशाला घ्यायचं. मिद्राश म्हणतं, बापानं त्याला नोहाचा मुलगा शेम याच्या पाठशाळेत शिकायला पाठवलं. दुसरे म्हणतात, दूतांनी त्याला एदेन बागेत नेलं, तीन वर्षं जखम भरेपर्यंत. जखमच झाली नसेल तर भरायचं काय, हे विचारू नका.

म्हातारपणी त्याचे डोळे मंदावले, त्याचाही धागा इथेच नेलाय. तो वेदीवर बांधलेला पडला होता, आभाळाकडे तोंड करून. वर दूत रडत होते. त्यांची आसवं त्याच्या डोळ्यांत पडली आणि तिथेच राहिली.

पण मला पटतं ते उत्तर साधं आहे आणि ते मूळ ग्रंथातच आहे. पुढे वाचा. या अध्यायानंतर अब्राहाम आणि इसहाक एकमेकांशी एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. सारा हेब्रोनला मरते, तिथेही मुलाचं नाव येत नाही. तो परत दिसतो तो थेट २४:६२ मध्ये, त्याची होणारी बायको रिबका उंटावरून येते तेव्हा. तो कुठून आलेला असतो? बैर-लहाय-रोई इथून. ती हागारेची विहीर. घरातून पळालेल्या हागारेला देवदूत भेटला होता, ती. मिद्राश म्हणतं की तो हागारेला परत आणायला गेला होता. बापानं दोन मुलं गमावायची वेळ आणली, एक वाळवंटात, एक डोंगरावर. आणि दुसरा उतरून पहिल्याच्या आईकडे गेला. पुढे बापाला मूठमाती द्यायला दोघे भाऊ एकत्र येतात, २५:९.

---

कोर्टकचेरी

+१. धागा निवडक दहात.

---

कोरा_कागद

ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री आईला सावकाश वाचून दाखवला. आसवांच्या ओळीला तिनं दोन्ही डोळ्यांवर हात ठेवला आणि ती ओळ परत वाचायला लावली. विहिरीचं ऐकून म्हणाली, आपण ते आधी वाचलंय, तू भरभर वाचलंस.

ती बरोबर होती, सोळाव्या अध्यायात आहे. आज रात्री आम्ही मागे जाऊन तो परत वाचणार आहोत.